क्वाडकॉप्टरची मोटर: बिघाड शोधणं आणि बदलणं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा-सांगली पट्ट्यात छंद म्हणून उडवली जाणारी क्वाड (चार पंख्यांची ड्रोन) साधारण तीन जातींची असतात. एक, खेळण्यातलं छोटं क्वाड. दुसरं, इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टसाठी बांधलेलं एफ४५० फ्रेमचं, ए२२१२ मोटरी लावलेलं. तिसरं, पाच इंची प्रॉपचं (पंख्याचं) एफपीव्ही, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्र बघत उडवायचं. खालची उत्तरं या तिघांसाठी आहेत. जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे. फवारणीचे मोठे ड्रोन यात धरलेले नाहीत.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, प्रत्येक उत्तरात पुन्हा लिहिणार नाही: बॅटरी जोडायच्या आधी चारही प्रॉप काढा. दहा इंची प्रॉपने बोट कापतं, आणि ते "फक्त दोन सेकंद बघू" म्हणतानाच कापतं.

मोटर बंद पडली. लगेच नवी मागवू का?

नको. सुटलेला डाग (सोल्डरचा जोड), सैल बुलेट कनेक्टर, मेलेला ईएससी (मोटरीचा वेग सांभाळणारा बोर्ड), बेलमध्ये (मोटरीच्या फिरणाऱ्या टोपीत) गुंडाळलेला धागा आणि लांब पडलेला स्क्रू, या सगळ्यांची लक्षणं "मोटर गेली" अशीच दिसतात. नवी मोटर लावल्यावरही तेच रडगाणं राहिलं तर पैसेही गेले आणि आठवडाही.

आधी अदलाबदल करून बघा. एफ४५० वर मोटर आणि ईएससी यांच्यामध्ये बुलेट कनेक्टर असतात, त्यामुळे हे पाच मिनिटांचं काम आहे. बंद मोटरीचे तीन कनेक्टर सोडवा आणि शेजारच्या चालू ईएससीला जोडा. वायर पुरत नसेल तर मोटर दांड्यावरून खोलून हातात घ्या. मोटर तिथेही चालली नाही, तर दोष मोटरीत. तिथे ती नीट फिरली आणि शेजारची चांगली मोटर मात्र पहिल्या ईएससीवर अडकली, तर दोष ईएससीत किंवा त्याच्या सिग्नलच्या वायरीत. मग त्या ईएससीचा सिग्नलचा प्लग फ्लाइट कंट्रोलरवर (क्वाड सावरणाऱ्या मुख्य बोर्डावर) शेजारच्या ईएससीच्या प्लगशी बदला. बिघाड प्लगबरोबर सरकला तर ईएससी वाईट. पहिल्याच खुंट्यांवर राहिला तर कंट्रोलरचा तो आउटपुट वाईट.

पाच इंची क्वाडवर वायरी थेट फोर-इन-वन ईएससीच्या (चारही मोटरींच्या एकाच बोर्डाच्या) पॅडवर डाग देऊन लावलेल्या असतात. तिथे डाग सोडवण्याआधी बेलमधला धागा, स्क्रू आणि डाग डोळ्यांनी तपासा. त्यांत काही सापडलं नाही तरच डागाची इस्त्री (सोल्डरिंग आयर्न) तापवा आणि वायरी सोडवून पुढच्या प्रश्नातल्या चाचण्या करा.

मोटर नुसती थरथरते, कट-कट आवाज करते, पण फिरत नाही. काय झालं असेल?

विहिरीवरच्या थ्री-फेज मोटरीचा एक फेज गेला की ती नुसती हुं-हुं करते, उठत नाही. इथेही तेच. ब्रशलेस मोटर थ्री-फेजच असते. तीनपैकी एक वायर तुटली, डाग सुटला किंवा ईएससीचा एक फेज उडाला की मोटर जागेवर थरथरते. अशा अवस्थेत थ्रॉटल वाढवत बसू नका, उरलेल्या दोन फेजांवर सगळा करंट जाऊन चांगला ईएससीही जळतो.

शोधायचं असं. मल्टिमीटर बीपवर ठेवा आणि तीन वायरींपैकी दोन-दोन तपासा. तिन्ही जोड्यांना बीप यायला हवा. एखादी वायर बाकी दोघींशी बीप देत नसेल तर ती आतून तुटली आहे. मग एक टोक वायरीला आणि दुसरं स्टेटरच्या (वेढे असलेल्या स्थिर गाभ्याच्या) किंवा तळाच्या उघड्या धातूला लावा. इथे बीप यायला नको. आला तर वाइंडिंग बॉडीला लागलं आहे.

मीटर एवढंच सांगतो. वाइंडिंगचा रेझिस्टन्स ०.१ ओहमच्या आसपास असतो आणि साध्या मीटरच्या प्रोबचाच त्याहून जास्त भरतो, त्यामुळे चार वेढे आपसात शॉर्ट झालेले त्याला कळत नाहीत. ते हाताला कळतात. मोटर ईएससीपासून सोडवा. तिन्ही वायरी मोकळ्या ठेवून बेल बोटाने फिरवा: मॅग्नेटची नेहमीची टप-टप लागेल, पण बेल हलकी फिरेल. आता कोणत्याही दोन वायरींची टोकं एकमेकांना टेकवून फिरवा. बेल मधात बुडाल्यासारखी जड व्हायला हवी. तिन्ही जोड्यांना सारखीच जड लागली तर वाइंडिंग ठीक आहे. एखाद्या जोडीला हलकी लागली तर त्या वाटेत तुटलेलं आहे. आणि वायरी मोकळ्या असतानाही बेल जड लागत असेल तर वाइंडिंग आतच शॉर्ट आहे. ती मोटर भंगारात.

शंका उरलीच तर ड्रिल मशीन घ्या. मोटरीचा शाफ्ट किंवा प्रॉप अडॅप्टर चकमध्ये पकडा, तळ हातात घट्ट धरा, वायरी चकपासून लांब. ड्रिल एकाच वेगाने चालू ठेवून मीटर एसी व्होल्टवर लावा आणि तिन्ही जोड्यांचं रीडिंग घ्या. १००० केव्हीची (दर व्होल्टला १००० आरपीएमची) मोटर २८०० आरपीएमवर फिरवली तर साधारण २ व्होल्ट दिसतात. आकडा महत्त्वाचा नाही, तिन्ही सारखे येणं महत्त्वाचं. २.०, २.० आणि १.६ आले तर वेढे शॉर्ट आहेत. स्वस्त मीटरवर एसीची सर्वांत खालची रेंज २०० व्होल्टची असते, पण ती ०.१ चा फरक दाखवते आणि तेवढा इथे पुरतो.

मोटर अजिबात हलत नाही, पण बॅटरी जोडल्यावर ट्यून वाजते. मग?

ती ट्यून मोटरच वाजवते. ईएससीवर स्पीकर नसतो. तो वाइंडिंगला बारीक झटके देऊन आवाज काढतो. म्हणजे ट्यून नीट वाजत असेल तर निदान पॉवर पोहोचते आहे आणि मोटर पूर्ण मेलेली नाही. ट्यूननंतर ठरावीक अंतराने बीप-बीप चालूच राहत असेल तर बहुधा ईएससीला सिग्नल मिळत नाही किंवा थ्रॉटल शून्यावर नाही.

एफ४५० वर तीन मोटरी एकदम उठतात आणि एक उशिरा, अशी तक्रार फार असते. ती मोटरीची नसते, कॅलिब्रेशनची असते. सिमॉन-केसारख्या साध्या ईएससीचं कॅलिब्रेशन एकेक करून: सिग्नलची वायर रिसीव्हरच्या थ्रॉटल चॅनलला लावा, रिमोटची थ्रॉटल पूर्ण वर, मग बॅटरी जोडा, दोन बीप ऐकू आल्या की थ्रॉटल एकदम खाली, खात्रीची बीप आली की झालं. चारही ईएससींना हेच. डीशॉट या डिजिटल सिग्नलवर चालणाऱ्या ईएससीला कॅलिब्रेशन लागत नाही.

प्रॉप काढून आर्म केलं (मोटरी चालू केल्या) तर एक मोटर आपोआप जोर धरत जाते, थ्रॉटल खाली केली तरी लवकर उतरत नाही. ही खराब आहे का?

नाही. क्वाड टेबलावर किंचित तिरकं असतं, कंट्रोलर ते सरळ करू बघतो, प्रॉप नसल्याने काहीच होत नाही, म्हणून तो आणखी जोर लावतो. मोटर तपासायची तर कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमधून, म्हणजे बेटाफ्लाइटच्या मोटर्स टॅबमधून किंवा मिशन प्लॅनरच्या मोटर टेस्टमधून तपासा. तिथे कंट्रोलर मध्ये पडत नाही. बिचाऱ्या चांगल्या मोटरी या एका गैरसमजातून बदलल्या जातात.

उडवायला गेलं की क्वाड उलटंच पडतं. नवीन मोटर लावल्यापासून होतंय.

क्रम, दिशा आणि प्रॉप, यांपैकी एक चुकलं आहे. कंट्रोलर बदलला की मोटरींचे नंबर बदलतात, आणि गोंधळ इथेच होतो:

बेटाफ्लाइट: १ मागची उजवी, २ पुढची उजवी, ३ मागची डावी, ४ पुढची डावी. नेहमीच्या मांडणीत १ आणि ४ घड्याळाच्या दिशेने, २ आणि ३ उलट.
अर्डूपायलट, एक्स मांडणी: १ पुढची उजवी आणि २ मागची डावी, या दोन्ही घड्याळाच्या उलट, ३ पुढची डावी आणि ४ मागची उजवी, या घड्याळाच्या दिशेने.
केके२: पुढच्या डावीला १, तिथून घड्याळाच्या दिशेने गोल २, ३, ४. यात १ आणि ३ घड्याळाच्या दिशेने, २ आणि ४ उलट.

फिरणाऱ्या मोटरीची दिशा डोळ्यांना कळत नाही. कागदाची अरुंद पट्टी बेलला हलकेच टेकवा. ती ज्या बाजूला ओढली जाते ती दिशा. प्रॉपची अक्षरं असलेली बाजू नेहमी वर. दहा इंची १०४५ प्रॉपच्या जोडीत "आर" छापलेला प्रॉप घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या मोटरीवर जातो.

मोटर उलटी फिरते. दिशा कशी बदलू?

तीनपैकी कोणत्याही दोन वायरींची अदलाबदल करा. पंपाने पाणी ओढलं नाही तर वायरमन दोन फेज बदलतो तसंच. बीएलहेली-एस, बीएलहेली-३२, ब्लूजे, एएम३२ या प्रणालींच्या ईएससींत सॉफ्टवेअरनेही दिशा उलटवता येते, डाग सोडवायची गरज नाही. मात्र सॉफ्टवेअरने उलटवलेल्या ईएससीची नोंद कुठेतरी करून ठेवा. उद्या बोर्ड बदलला की दिशा पुन्हा मूळपदावर येते.

कोणती मोटर मागवायची? तीच मिळाली नाही तर?

मोटरीवरचे चार आकडे वाचा. २२०७ म्हणजे स्टेटरचा व्यास २२ मिलिमीटर, उंची ७. बेलचा नाही, आतल्या स्टेटरचा. केव्ही म्हणजे प्रॉप नसताना दर व्होल्टला किती आरपीएम. आकार आणि केव्ही दोन्ही उरलेल्या तीन मोटरींशी जुळायला हवेत. कंपनी तीच असेल तर उत्तम. वेगळ्या कंपनीची मोटर केव्ही जुळली तरी वजन आणि जोर वेगळा देते. क्वाड उडेल, पण कंट्रोलरला सतत सावरत राहावं लागेल.

ए२२१२ मागवताना सर्वांत जास्त फसगत होते, कारण याच नावाने १०००, १४०० आणि २२०० केव्ही अशा मोटरी विकल्या जातात आणि दिसायला सगळ्या सारख्या. दहा इंची १०४५ प्रॉप आणि थ्री-एस (तीन सेलच्या) बॅटरीला १००० केव्हीचीच हवी. २२०० वाली सहा इंची प्रॉपची, छोट्या विमानाची मोटर आहे. तिच्यावर १०४५ लावला तर मिनिटभरात वास येतो. १००० केव्हीची ए२२१२ सुद्धा साधारण १२ अँपिअरच्या पुढे फार वेळ टिकत नाही, म्हणून १०४५ तसाच ठेवून फोर-एस बॅटरी लावू नका.

पाच इंचीला फोर-एसवर साधारण २३०० ते २७०० केव्ही, सिक्स-एसवर १७०० ते १९५०. भोकांचं अंतर बघा: २२०७ आणि २३०६ ला १६ × १६ मिलिमीटर आणि एम३ स्क्रू. ए२२१२ ला १६ × १९. शिवाय काही मोटरींचे नट आपोआप आवळले जाणारे असतात, त्यांत दोन मोटरींचे आटे उलटे असतात. तशी मोटर असेल तर घड्याळाच्या दिशेची की उलट दिशेची हे ऑर्डर देताना सांगावंच लागतं.

सांगलीत किंवा साताऱ्यात सुटी मोटर मिळेल का?

डागाची तार, फ्लक्स, हीटश्रिंक, मल्टिमीटर हे इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं, ॲलन की आणि एम३ स्क्रू हार्डवेअरवाल्याकडे. मोटर मात्र बहुधा ऑनलाइनच मागवावी लागते. फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, पण सुट्या भागांवर नाही.

पंपाच्या मोटरी भरणारा वाइंडिंगवाला ही भरून देईल का?

तत्त्व त्याला तुमच्याआधी कळेल: बारा दात, तीन फेज, स्टार किंवा डेल्टा. ए२२१२ च्या १००० केव्ही मोटरीवर "१३टी" लिहिलेलं असतं, म्हणजे प्रत्येक दातावर १३ वेढे. पण दात बोटाच्या पेरात मावणारे, आणि तारेचा इनॅमल किंचित जरी खरचटला तरी बॉडीला शॉर्ट. शिकण्यासाठी जरूर भरा. उडवण्यासाठी नवी घ्या, मजुरीच मोटरीपेक्षा जास्त होईल.

मोटर बदलायची नेमकी पद्धत काय?

लागणारं सामान: २ मिलिमीटरची ॲलन की (बटण हेड एम३ ला), पाच इंचीच्या प्रॉप नटासाठी ८ मिलिमीटरचा पाना, ६० वॅटची इस्त्री, ६३/३७ ची डागाची तार, फ्लक्स, हीटश्रिंक, निळा थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद), कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी).

बॅटरी काढा. काढण्याआधी वायरींचा फोटो घ्या. पाच इंचीवर ईएससीचा बाकी भाग कॅप्टॉन टेपने झाका. डागाचा एक बारीक मणी दोन पायांमध्ये पडून राहिला तर पुढच्या वेळी बॅटरी जोडताच बोर्ड जळतो. इस्त्री ३५० ते ३८० अंशांवर ठेवा. पॅडवर आधी थोडा नवा डाग आणि फ्लक्स द्या, मग जुनी वायर दोन-तीन सेकंदांत सुटते. ओढू नका, पॅड उखडला तर चार मोटरींचा ईएससी गेला. पॅडला आठ-दहा सेकंद लावूनही डाग पातळ होत नसेल तर इस्त्रीचं टोक काळं पडलेलं आहे किंवा फार बारीक आहे. उष्णता वाढवण्याआधी टोक बदला.

मग स्क्रू काढा. थ्रेडलॉकमुळे घट्ट असतील तर इस्त्रीचं टोक स्क्रूच्या डोक्यावर वीस सेकंद टेकवा. थ्रेडलॉक ढिला होतो. जोर लावून ॲलनची खोबण गोल करून बसलात तर स्क्रू ड्रिलने काढावा लागतो.

नवी मोटर बसवताना चारही स्क्रू आधी हाताने दोन-दोन आटे लावा, मग समोरासमोरचे आवळा. थ्रेडलॉक स्क्रूच्या टोकाला टाचणीच्या डोक्याएवढा, जास्त झाला तर बेअरिंगमध्ये उतरतो. प्लॅस्टिकच्या भागांना थ्रेडलॉक लागू देऊ नका, प्लॅस्टिकला तडे जातात.

वायरी मापाने कापताना सावध. अनेक स्वस्त मोटरींची वायर ही वेगळी जोडलेली नसते, वाइंडिंगचीच तार नळीतून बाहेर आणलेली असते. ती कापली की उघड्या टोकावर इनॅमल राहतो आणि डाग नुसता घरंगळतो, किंवा वरून बसल्यासारखा दिसतो आणि आत निम्म्या तारा जोडलेल्याच नसतात. ब्लेडने किंवा बारीक सँडपेपरने प्रत्येक तार चकचकीत तांबडी दिसेपर्यंत खरवडा. त्यापेक्षा वायर लांबच ठेवून दांड्याला टेपने बांधणं शहाणपणाचं.

३.५ मिलिमीटरचे बुलेट लावताना हीटश्रिंक आधी वायरीत ओवा. हे सगळे विसरतात. लाकडी पट्टीत बुलेटच्या मापाचं भोक पाडून त्यात तो उभा धरा, पक्कड त्याची सगळी उष्णता पिऊन टाकते.

स्क्रू किती लांबीचे? याला एवढं महत्त्व का?

नव्या मोटरी पहिल्याच दिवशी जळण्याचं हे एक हमखास कारण आहे. दांड्याच्या जाडीपेक्षा २ ते ३ मिलिमीटर लांब, यापेक्षा जास्त नाही. ४ मिलिमीटरच्या कार्बन दांड्याला ६ किंवा ७, ५ च्या दांड्याला ८. मोटरीच्या तळाची जाडी जेमतेम तीन मिलिमीटर असते आणि तिच्या लगेच वर तांब्याचे वेढे. हार्डवेअरच्या दुकानात १० चे स्क्रू मिळाले म्हणून तेच लावले, तर टोक वेढ्यात घुसतं आणि इनॅमल फाटतो. मोटर लगेच मरत नाही; टेबलावर छान फिरते, हवेत गेल्यावर थरथराटाने तार उघडी पडते आणि ईएससी घेऊन जाते.

बसवून झाल्यावर बेलच्या खिडकीतून टॉर्च मारून पाहा: भोकातून स्क्रूचं टोक वर आलेलं दिसता कामा नये. मग मीटर बीपवर, एक प्रोब स्क्रूच्या डोक्यावर, दुसरा मोटरीच्या वायरीवर. शांतता हवी. पाच इंचीवर ही तपासणी वायरी ईएससीला जोडायच्या आधीच करा.

पहिल्यांदा बॅटरी जोडताना ईएससी उडू नये म्हणून काय करावं?

बॅटरीच्या लाल वायरीत मोटारसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब घ्या. गॅरेजच्या सामानाच्या कुठल्याही दुकानात मिळतो. थ्री-एसला एक बल्ब. फोर-एस आणि सिक्स-एसला दोन एकापुढे एक, किंवा ट्रकचा २४ व्होल्टचा एक. जोडताच क्षणभर चमकून विझला किंवा मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच काढा. बल्ब लावून उडवता येत नाही, मोटरी फक्त हळू फिरवून बघता येतात.

खेळण्यातल्या क्वाडची एक मोटर हळू फिरते.

इथलं गणित वेगळं. या मोटरी ब्रशवाल्या, कोअरलेस, दोनच वायरी. आतले ब्रश झिजतात आणि पाच-दहा तासांच्या उड्डाणात मोटर संपते, तो बिघाड नाही, तिचं आयुष्यच तेवढं. आधी प्रॉप उपसून शाफ्टच्या मुळाशी बघा. केस किंवा गालिचाचा धागा गुंडाळलेला निघतो, सुईने काढा.

मग मोटर सोडवून साध्या दीड व्होल्टच्या पेन्सिल सेलवर लावा. जोमात फिरली तर मोटर चांगली, दोष बोर्डावर. बॅटरी लावताच एक मोटर थ्रॉटल न देता पूर्ण वेगाने फिरत असेल तर तिचा बोर्डावरचा मॉसफेट (मोटर चालू-बंद करणारा भाग) शॉर्ट झाला आहे, मोटर बदलून उपयोग नाही.

नवी घेताना माप व्हर्नियरने घ्या: ६ × १५, ७ × १६, ७ × २०, ८.५ × २० मिलिमीटर ही नेहमीची मापं. शाफ्ट ०.८ की १ मिलिमीटर हेही पाहा, नाहीतर प्रॉप बसत नाही किंवा फुटतो. लाल-निळी वायर घड्याळाच्या दिशेची, पांढरी-काळी उलट दिशेची, हा बहुतेकांचा शिरस्ता. पोलॅरिटी उलटी केली तर लाल-निळी मोटरही उलटी फिरते, पण तिचे ब्रश एकाच दिशेसाठी बसवलेले असतात, म्हणून ती लवकर जाते. चौघी एकाच वयाच्या असतात. एक संपली तर चारही बदला.

मोटरीतून घरघर येते, हाताने फिरवली तर चरचरते.

आधी मातीकडे बघा. आपल्याकडची माती आणि कृष्णेची वाळू बेसॉल्टच्या खडकातून आलेली आहे, तिच्यात लोहखनिजाचे काळे कण असतात. नदीकाठी किंवा नांगरलेल्या रानात क्वाड पडलं की हे कण मॅग्नेटला चिकटतात. मॅग्नेट आणि स्टेटरमधली फट अर्ध्या मिलिमीटरहून कमी. तिथे एक कण अडकला तरी चरचर ऐकू येते आणि इनॅमल घासतो. फुंकून किंवा हवेच्या पंपाने ते जात नाहीत, मॅग्नेट सोडतच नाही.

तळाची सी-क्लिप चिमट्याने काढा (काही मोटरींना तिथे बारीक स्क्रू असतो) आणि बेल सरळ वर ओढा. क्लिपखालची बारीक वॉशर उडून हरवते, खाली पांढरं फडकं पसरा. आता दात कोरायच्या काडीला सेलोटेप उलटी गुंडाळा, चिकट बाजू बाहेर, आणि मॅग्नेटच्या सांध्यांतून फिरवा. टेपवर मिशीसारखे काळे केस उभे राहिलेले दिसतील. टेप स्वच्छ निघेपर्यंत बदलत राहा. बेल परत घालताना ती झटक्यात आत खेचली जाते, बोट मध्ये ठेवू नका.

साफ करूनही घरघर राहिली तर बेअरिंग. पाच इंचीच्या बऱ्याच मोटरींत ४ × ९ × ४ मिलिमीटरचं असतं, बदलता येतं. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब काही दिवस काढून देतो. बेल वरून दाबून बाजूला हलवली आणि खुळखुळ लागली तर तेलावर वेळ घालवू नका.

आवाज घरघर नसून प्रत्येक फेऱ्याला एक टक् असा असेल तर मॅग्नेट सुटून स्टेटरला लागतो आहे. तो जागेवर बसवून इपॉक्सीने चिकटवता येतो, २४ तास सुकू द्या. शेजारच्या दोन मॅग्नेटचे ध्रुव उलटसुलट असतात. काढलाच तर उलटा बसवू नका.

मोटर किती गरम झालेली चालते?

उतरल्या उतरल्या बोट टेकवा. तीन-चार सेकंद ठेवता आलं तर ठीक. साध्या दर्जाचे निओडिमियम मॅग्नेट ८० अंशांच्या पुढे ताकद गमावू लागतात आणि ती थंड झाल्यावर परत येत नाही. मग त्याच थ्रॉटलला मोटर जास्त करंट खाते आणि आणखी तापते.

एकच मोटर तापत असेल तर बेअरिंग, वाळू, वाकलेला शाफ्ट किंवा वेडावाकडा प्रॉप. चारही तापत असतील तर मोटरी निर्दोष आहेत: प्रॉप मोठा, केव्ही जास्त, किंवा पीआयडीतला (कंट्रोलरच्या सावरण्याच्या आकड्यांतला) डी जास्त. बेटाफ्लाइटमध्ये आरपीएम फिल्टर (मोटरींची थरथर गाळणारा) लावला असेल तर मॅग्नेटची संख्या बरोबर भरा. २२०७ ला १४. बऱ्याच छोट्या मोटरींना १२ असतात, आणि तिथे १४ राहिलं तर फिल्टर चुकीच्या जागी बसतो.

सांगलीत ट्यून केलेलं क्वाड महाबळेश्वरला थोडं ढिलं वाटतं, त्यातही मोटरीचा दोष नाही. सांगली साधारण ५५० मीटरवर, महाबळेश्वर १३५० च्या आसपास. हवा आठेक टक्के विरळ, म्हणून थ्रॉटल थोडी वर धरावी लागते.

उडताना एकदम किंचाळल्यासारखा आवाज आला आणि क्वाड गरगरत खाली आलं. टेबलावर मात्र सगळं चालतं.

डीसिंक. ईएससीला मोटर नेमकी कुठे आहे याचा अंदाज चुकला. बहुतेकदा थ्रॉटल झटक्यात खालून वर नेताना होतं. मोटरीचे तिन्ही डाग पुन्हा ताजे करा, बेटाफ्लाइटमध्ये आयडल ५.५ टक्क्यांच्या खाली असेल तर वर आणा, ईएससीचं टायमिंग मध्यमवर ठेवा, डीमॅग कॉम्पेन्सेशन वाढवा. तरीही त्याच कोपऱ्यात झालं तर वरची अदलाबदल.

क्वाड पाण्यात पडलं किंवा धुक्यात भिजलं.

आधी बॅटरी काढा. ब्रशलेस मोटरीला पाण्याचं फार वाटत नाही, वेढ्यांवर इनॅमल असतो. मरतात ते ईएससी आणि बेअरिंग. गाळ असेल तर स्वच्छ पाण्याने धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, दोन दिवस वाळवा, बेअरिंगला तेलाचा थेंब. कासच्या धुक्यात उडवून तसंच बॅगेत ठेवलेलं क्वाड आठवड्याने बेअरिंग गंजून घरघरतं.

मोटर बदलल्याने वजन वाढलं तर नियमात काही फरक पडतो का?

पडू शकतो. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो. २४५ ग्रॅमच्या क्वाडवर प्रत्येकी दोन ग्रॅम जड अशा चार मोटरी लावल्या की २५३. बॅटरीसकट वजन करा, स्वयंपाकघरातला काटा पुरतो.

उसात पडलेलं क्वाड मोटरीच्या बीपवर शोधता येतं ना?

येतं, डीशॉट बीकनने. पण तो आवाज वाइंडिंगमध्ये करंट सोडूनच निघतो आणि मोटर फिरत नसल्याने थंड होत नाही. सलग चालू ठेवू नका. दहा सेकंद वाजवा, वीस सेकंद चालत जा, पुन्हा वाजवा. सापडल्यावर थ्रॉटल देऊन बाहेर काढायला जाऊ नका. आधी बॅटरी, मग बेलखाली गुंडाळलेलं पाचट चिमट्याने, मग दोन वायरींची ती बोटाची चाचणी.